संतवाणींतील सांत्वन

शोकाच्या घरीं शब्दांची उणीव कधींच नसते. समाचाराला येणारा प्रत्येक जण कांहीं ना कांहीं घेऊन येतो. कोणी गीतेंतील आत्म्याच्या अमरत्वाचा श्लोक, कोणी संतांचें एखादें वचन, कोणी ‘देवाची इच्छा’ एवढेच दोन शब्द. वर्तमानपत्रांतील पुण्यस्मरणाच्या चौकटींतही हींच वचनें वर्षानुवर्षें छापून येतात. तीं खोटीं आहेत असें नाहीं, आणि तीं सांगणाराची कळकळही खोटी नसते. तथापि ज्याच्यासाठीं तीं उच्चारलीं जातात तो मान हलवितो, ‘खरें आहे’ म्हणतो, आणि पाहुणे उंबऱ्याबाहेर गेले कीं पुन्हां पूर्वीच्याच जागीं येऊन बसतो. जें वचन खरें आहे तें अशा वेळीं पोकळ कां वाटावें, हा प्रश्न जितका धर्माचा तितकाच साहित्याचाही आहे. मराठी माणूस दुःखाच्या प्रसंगीं ज्या ग्रंथांकडे वळतो ते बहुतेक काव्यग्रंथ आहेत. तेव्हां त्या काव्यांत सांत्वन असतें तें कोठें असतें, हें पाहणें टीकाकाराचें कामच आहे.

हा विचार आम्हांस केवळ अभ्यासिकेंत सुचलेला नाहीं. आमच्या एका चुलत बंधूंच्या घरीं कांहीं वर्षांपूर्वीं ऐन उमेदींतला मुलगा गेला. दशक्रियेच्या दिवशीं नदीच्या घाटावर प्रवचन झालें. प्रवचनकार विद्वान होते, भाविक होते, आणि घरच्या माणसांचें दुःख हलकें व्हावें हाच त्यांचा हेतु होता. त्यांनीं निरूपणासाठीं तुकोबांचा एक लहानसा अभंग घेतला. बाप, बायको, मूल आणि आई अशा चार मृत्यूंची त्यांत एकामागून एक नोंद आहे. या मरणांनीं संसाराची चिंता आणि मायेचे पाश तुटले, आतां विठोबाचें आणि आपलें राज्य निर्वेध झालें, असा त्याचा एकंदर आशय आहे. आणि मुलाच्या मृत्यूविषयीं तर तें बरेंच झालें, असें त्यांत उघड म्हटलें आहे. प्रवचनकार त्या शब्दांपाशीं आले तेव्हां मुलाची आई उठली, आणि कोणाशीं कांहीं न बोलतां घाटाच्या पायऱ्या चढून निघून गेली. सायंकाळीं तिनें आम्हांस एवढेंच विचारलें, “भाऊजी, तुकाराममहाराजांना खरोखरच असें वाटलें असेल का हो?”

त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरा सुचलेलें उत्तर आहे, असें वाचकांनीं समजावें.

प्रथम गीतेचा विचार करूं. कारण समाचाराला येणाऱ्यांच्या तोंडीं तिचेच श्लोक अधिक असतात. आत्मा मरत नाहीं, जन्मास आलेला जाणारच, म्हणून शोक करूं नये, हा उपदेश श्रीकृष्णानें अर्जुनास केला तो युद्धाच्या आरंभीं, म्हणजे एकही बाण सुटण्यापूर्वीं. अर्जुनाचा त्या वेळचा शोक पुढें होणाऱ्या मृत्यूंचा होता. आपल्या लोकांना मारावें कीं मारूं नये, हा त्याच्यापुढील प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला तें उत्तर होतें. पुढें युद्धाच्या तेराव्या दिवशीं अभिमन्यु पडला. संशप्तकांशीं लढून अर्जुन सायंकाळीं परत येतो, तों शिबिरांत नेहमींचीं मंगलवाद्यें वाजत नाहींत, कोणी नजरेला नजर देत नाहीं, आणि रोज सामोरा येणारा मुलगा आज सामोरा येत नाहीं. द्रोणपर्वांतील हा प्रसंग ज्यांनीं वाचला असेल त्यांना आठवत असेल कीं गीता ऐकलेला हाच अर्जुन त्या रात्रीं सामान्य बापासारखा विलाप करतो.

येथें श्रीकृष्ण काय करतो, हें पाहण्यासारखें आहे. ‘तुला मीं आत्म्याचें अमरत्व सांगितलें होतें तें इतक्यांत विसरलास काय?’ असें त्यानें विचारलें असतें तर तें तर्काला धरूनच झालें असतें. परंतु तो तसें विचारीत नाहीं. माघार न घेणाऱ्या शूरांचा हाच मार्ग आहे, एवढें सांगून तो अर्जुनाचें लक्ष भावांकडे आणि सुहृदांकडे वळवितो: तुला असें पाहून हे दीन झाले आहेत, यांना तूंच धीर दे. यानंतर तो सुभद्रेकडे जातो. तिचीही तो समजूत घालतो; परंतु ती समजूत ऐकूनही तिचा शोक उफाळून येतो, आणि तिच्या त्या विलापाला महाभारतकारांनीं मोकळी जागा दिली आहे. कोणीही तिला मध्येंच थांबवीत नाहीं. शिवाय सांत्वन करणारा हा देव परका नाहीं. तो सुभद्रेचा भाऊ आणि मृताचा मामा आहे. त्याच्या स्वतःच्याच घरचें मूल गेलेलें आहे. गीतेचे श्लोक शोकाच्या घरीं म्हणणारांनीं हें द्रोणपर्व एकदां वाचावें, अशी आमची सूचना आहे. प्रत्यक्ष मृत्यूपुढें गीता पुन्हां सांगावी असें गीता सांगणारालाच वाटलें नाहीं.

महाभारतांत सूत्ररूपानें जें आढळतें तेंच मराठी भक्तिकाव्यांत पूर्ण रूप घेतें, आणि तेंही आमच्या मतें नामदेवांच्या नांवावर असलेल्या समाधीच्या अभंगांत. ज्ञानदेवांनीं शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदी येथें समाधि घेतली. त्या सोहळ्याचें वर्णन करणाऱ्या या अभंगमालेंतील प्रत्येक अभंग नामदेवांचाच आहे कीं कांहीं त्यांच्या नंतरच्या कोणा नाम्याचे आहेत, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. आमच्या प्रश्नापुरता तो वाद बाजूस ठेवला तरी चालेल. कर्ता कोणीही असो, शोक कसा बोलावा हें त्याला पक्कें ठाऊक होतें.

या अभंगमालेंत सर्वांत अधिक आक्रोश कोणाचा आहे? निवृत्तिनाथांचा. वाचकांनीं क्षणभर थांबून याचा अर्थ ध्यानीं घ्यावा. निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे केवळ वडील बंधु नव्हत, ते गुरु होत. ज्ञानेश्वरीच्या पानापानावर ज्यांना वंदन आहे, ज्यांच्या कृपेनें आत्मज्ञान झालें असें शिष्य पुन्हां पुन्हां सांगतो, ते हे निवृत्तिनाथ. देह नाशवंत आणि आत्मा अविनाशी हें जगांत कोणाला समजलें असेल तर तें त्यांना. शिवाय संप्रदायाच्या श्रद्धेप्रमाणें ज्ञानदेवांची समाधि संजीवन आहे. तें मरणच नव्हे. असें असतांही या अभंगांत निवृत्तिनाथ मोकळेपणानें रडतात. आईबाप सोडून गेले तेव्हांही असें संकट वाटलें नव्हतें, असें ते म्हणतात. त्यांच्या शोकासाठीं कवीनें घेतलेले दृष्टान्त सगळे शेतांतले आणि रानांतले आहेत: बांधलेलें तळें फुटून पाणी बारा वाटांनीं जावें, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ व्हावें, हरिणीवांचून पाडसें दाही दिशांना भटकावीं. जमलेल्या लोकांची तगमग सांगतांना तर कवीला आठवतात ते नदींत विषारी वनस्पति कालवल्यावर तडफडणारे मासे. यांतील एकाही दृष्टान्तांत उपदेश नाहीं. ज्यानें धरून ठेवलें होतें तें सुटलें, एवढेंच ते सांगतात. आणि चार अनाथ भावंडांचें घर ज्या एका मुलाभोंवतीं बांधलेलें होतें त्याच्या जाण्याला याहून नेमकी उपमा आम्हांस सुचत नाहीं.

आतां या सगळ्यांत देव कोठें आहे? पांडुरंग आळंदीस आलेला आहे. तो वरून पाहत नाहीं, प्रश्नांचीं उत्तरें देत नाहीं, आणि समाधि थांबवीतही नाहीं. ज्ञानदेव समाधीकडे चालले असतां त्यांचा एक हात निवृत्तिनाथांनीं धरला आहे, आणि दुसरा देवानें. या एका चित्रासाठीं आम्हांस ही अभंगमाला मराठींतील सर्वांत श्रेष्ठ शोककाव्य वाटते. देव मृत्यूच्या पलीकडल्या तीरावर हात पुढें करून उभा आहे, असें चित्र अनेक धर्मांतील कवींनीं काढलें आहे. येथें तो अलीकडे, रडणाऱ्यांच्या बाजूस, भावाच्या जोडीनें चालतो. पोंचविण्यास आलेल्या आप्तांपैकीं तो एक आहे. शेवटीं शिळा बसते, तींतून कोणी परत येत नाहीं, आणि पुढें थोड्याच काळांत सासवडास सोपानदेव, तापीतीरीं मुक्ताबाई आणि त्र्यंबकेश्वरीं स्वतः निवृत्तिनाथ याच वाटेनें जातात. देवाच्या उपस्थितीनें एकही मृत्यु टळला नाहीं. तरीही हे अभंग ऐकून उठणारा मनुष्य मोकळा होऊन उठतो, कारण आपल्या शोकानें देव अवघडत नाहीं, त्याला तो भक्तीचा उणेपणा वाटत नाहीं, हें त्याला कळलेलें असतें.

इतकें पाहिल्यावर आतां घाटावरच्या त्या अभंगाकडे परत येऊं. त्याचा कठोरपणा लपविण्यांत अर्थ नाहीं. कांहीं टीकाकार त्याचा अर्थ गुळगुळीत करून सांगतात. तें आम्हांस मान्य नाहीं. अभंगांत जें म्हटलें आहे तें म्हटलेंच आहे. परंतु तुकोबांनीं याच घटनांविषयीं आणखीही सांगितलें आहे, आणि तें दुसरें बोलणें शेजारीं ठेवल्यावांचून हें पहिलें वाचूं नये.

संतांनीं विचारलें म्हणून आपलें वृत्त सांगतों, नाहीं तर तें सांगणें उचित नव्हे, अशा संकोचानें आरंभ होणारा तुकोबांचा आत्मचरित्रपर अभंग गाथेच्या वाचकांस परिचित आहे. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनेंत पडलेल्या भयंकर दुष्काळाचा उल्लेख त्यांत येतो. देहूच्या या वाण्याचें द्रव्य आटलें, मान गेला, आणि एक बायको अन्नासाठीं टाहो फोडीत मेली. लहान अभंगांत ती मुक्त झाली असें म्हणणारा हाच कवि येथें ती कशानें मेली हें सांगतो. ज्याच्या दुकानांत कालपर्यंत धान्य होतें त्याची बायको उपाशी मेली! आणि त्यापुढेंच तो म्हणतो कीं आपल्या जिवाला लाज वाटली, या दुःखानें आपण त्रासून गेलों. लाज हा शब्द तत्त्वज्ञान्याचा नव्हे. घरांतलें माणूस आपल्या डोळ्यांदेखत गेलें आणि आपण कांहीं करूं शकलों नाहीं, असें ज्याला वाटतें त्या घरधन्याचा हा शब्द आहे. आजही रुग्णालयाच्या पायरीवर बसलेल्या कित्येक बापांच्या मनांत हाच शब्द असतो, फक्त तो उच्चारला जात नाहीं.

यापुढील क्रम लक्षपूर्वक पाहावा. एवढ्या दुःखानंतर देव लगेच प्रकट होत नाहीं. देवाचें देऊळ मोडकळीस आलें होतें, तें दुरुस्त करावें असें या माणसाच्या मनांत येतें. नंतर तो एकादशीस कीर्तन करूं लागतो, पण आरंभीं मन अभ्यासांत रमत नव्हतें, अशी कबुली देतो. संतांचीं कांहीं वचनें पाठ करतो. पुढें गाणारे गात असतां मागें उभा राहून त्यांचें ध्रुपद धरतो. स्वप्नांतला गुरूपदेश, कवित्वाची स्फूर्ति आणि मग त्या कवित्वावर आलेला आघात, हें सगळें यानंतर येतें. आणि वह्या पाण्यांत बुडविल्यावर देवाच्या दारीं धरणें धरून बसला असतां नारायणानें आपलें समाधान केलें, असें तो सांगतो. त्या अभंगांत समाधान हा शब्द दुष्काळाच्या ओळीजवळ नाहीं. तो इतक्या दूर, इतक्या वर्षांनंतर, दुसऱ्या एका संकटाच्या शेवटीं आला आहे. मधल्या जागेंत काय आहे? मोडक्या देवळाचें काम, पाठांतर, आणि दुसऱ्यांच्या मागें धरलेलें ध्रुपद.

टेनिसनचा मित्र हॅलम इ. स. १८३३ मध्यें व्हिएन्ना येथें वारला, आणि त्याच्या स्मरणार्थ रचलेलें दीर्घ काव्य प्रसिद्ध झालें तें १८५० मध्यें. मधल्या सतरा वर्षांत कवीची श्रद्धा अनेकदां डळमळली आणि अनेकदां सांवरली. त्या काव्यांतच तीन नाताळ येऊन जातात, आणि प्रत्येक नाताळचें दुःख निराळें आहे. इंग्रज कवीला जें शेंकडों कडव्यांत दाखवावें लागलें तें देहूच्या वाण्यानें एका अभंगाच्या थोड्याशा चरणांत सांगितलें, असें म्हणून आम्हांस कोणाची उंची कमीअधिक करावयाची नाहीं. दोघेही एकच गोष्ट दाखवितात: ईश्वरावरील विश्वासानें मिळणारें समाधान ही शोकाच्या दुसऱ्या दिवशीं हातीं पडणारी वस्तु नव्हे.

आतां तो लहान अभंग पुन्हां पाहावा. त्यांत बोलणारा प्रथमपुरुष आहे. मेलें तें त्याचें मूल, गेली ती त्याची बायको, आणि तो बोलतो आहे तो विठोबाशीं, आपल्याशीं नव्हे. हिशेब मांडणाऱ्या व्यापाऱ्याच्या भाषेंत तो देवाला सांगतो आहे कीं आतां मधें कोणी उरलें नाहीं, आतां तूं आणि मी. या वाक्यांत शरणागति आहे तितकीच देवाला दिलेली जाणीवही आहे, असें आम्हांस वाटतें. ज्या कवीनें दुसऱ्या एका प्रसंगीं आपल्या लेखीं देव मेला असें म्हणण्यास कमी केलें नाहीं, त्याच्या तोंडचें ‘बरें झालें’ हें नेहमींच मऊ असतें असें समजूं नये. तें स्वतःविषयीं बोलण्याचा अधिकार त्यानें उपाशी घरांत राहून मिळविला होता. तेंच वाक्य द्वितीयपुरुषीं केलें, म्हणजे ‘तुझें मूल गेलें तें बरें झालें’ असें कोणी दुसऱ्यास म्हणूं लागलें, कीं अक्षर न बदलतां त्याचा अर्थ नष्ट होतो. घाटावर नेमकें हेंच घडलें. प्रवचनकारांनीं अर्थ चुकीचा सांगितला नाहीं. त्यांनीं केवळ पुरुष बदलला.

संतवाणींतील सांत्वनाचें मर्म आमच्या मतें येथेंच आहे. निवृत्तिनाथ रडतात ते स्वतःच्या तोंडानें. तुकोबा लाज सांगतात ती स्वतःची. आणि देव जेव्हां येतो तेव्हां हात धरावयास येतो. ज्या भक्तिपर रचनांत कवि स्वतः दुःखाच्या बाहेर उभा राहून दुःखी माणसाला शहाणपण शिकवितो, त्या वृत्तबद्ध आणि सुविचारी असूनही निर्जीव होतात. पुण्यस्मरणाच्या चौकटींतील पद्यें पुसट वाटतात तीं भावना खोटी असते म्हणून नव्हे. त्यांत शोकाला त्याचें बोलणें पुरें करूं न देतां शेवटची ओळ आधींच लिहून ठेवलेली असते म्हणून.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. आगरकरांच्या परंपरेंतला वाचक म्हणेल: देव हात धरतो हें काव्य म्हणून ठीक आहे; पण तो हात खरा आहे काय? नसेल तर हें सगळें सांत्वन म्हणजे मनाची एक गोड फसवणूकच नव्हे काय? देवाचें अस्तित्व सिद्ध करणें हें साहित्याच्या मासिकाचें काम नाहीं, आणि आमची ती शक्तिही नाहीं. परंतु फसवणुकीविषयीं मात्र बोलतां येईल. फसविणारें काव्य दुःख लहान करून दाखवितें. गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या प्रसिद्ध कवितेंतील माता मूल गेलेंच नाहीं, निजलें आहे, असें धरून बसते. कवीला ती फसवणूक आहे हें ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती कविता वाचकाचें काळीज चिरते. समाधीच्या अभंगांत याच्या उलट आहे. तेथें शिळा बसलेली दाखविली आहे. आत्मचरित्रपर अभंगांत भुकेचा टाहो गाळलेला नाहीं. जें काव्य सर्वांत कटु गोष्ट आधीं सांगतें आणि मग देवाचें नांव घेतें, त्यावर निदान लबाडीचा आरोप करतां येत नाहीं. अश्रद्ध वाचकासही तें जवळचें वाटतें, याचें कारण हेंच असावें.

शेवटीं त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतों. होय, वहिनी, तुकाराममहाराजांना तसें वाटलें असेल. पण तें त्यांना स्वतःच्या मुलाविषयीं वाटलें, आणि देवळाची भिंत, पाठ केलेलीं वचनें, मागें उभें राहून धरलेलें ध्रुपद हा सगळा पल्लाही त्यांना चालावा लागला. त्याच तोंडानें त्यांनीं भुकेनें मेलेल्या बायकोची आणि स्वतःच्या लाजेची गोष्टही सांगितली आहे, आणि ती त्या दिवशीं घाटावर कोणी वाचली नाहीं. तुम्हांला तसें वाटलेंच पाहिजे असें त्यांनीं कोठेंही म्हटलेलें नाहीं. तुम्ही उठून गेलांत त्यांत संतांचा कांहींएक अपमान झाला नाहीं. समाधीच्या अभंगांत गुरु असलेले निवृत्तिनाथही रडत आहेत, आणि त्यांना कोणी गप्प बसा म्हणत नाहीं. तें पुस्तक आम्ही या अंकासोबत आपल्याकडे पाठवीत आहों. वाचावेंसें वाटेल तेव्हां वाचावें. न वाटल्यास तसेंच राहूं द्यावें.